पांडा आणि पापलेट

बिल मार्टिन आणि एरिक कार्ल या जोडीचं 'पांडा बेअर, पांडा बेअर, व्हॉट डू यू सी?' हे चित्रपुस्तक 2003 साली निघालं. नातीच्या कानावर इंग्रजी पडावं म्हणून सुनेनं ते आणलं, आणि आमच्या विरारच्या घरात ते इतकं हाताळलं गेलं की आता त्याची बांधणी उसवलीय. त्यात दहा प्राणी आहेत. पांडा, अमेरिकेतला पांढऱ्या डोक्याचा गरुड, पाणम्हैस, स्पायडर मंकी, हिरवं समुद्री कासव, मॅकरोनी पेंग्विन, सी लायन, लाल लांडगा, हूपिंग क्रेन आणि काळा बिबट्या. पुस्तक आलं तेव्हा या सगळ्यांची जगाला काळजी होती. एक प्राणी दुसऱ्याला बघतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी स्वप्न बघणाऱ्या मुलाला ते सगळे दिसतात. पुस्तकात कुठेही रडगाणं नाही, धाक नाही. एकच वाक्य फिरून फिरून येतं आणि लहान मुलाला ते न शिकवता पाठ होतं. घरी इंग्रजी शिकवायचं आणि त्या निमित्तानं संकटात सापडलेल्या प्राण्यांची ओळख करून द्यायची, तर सुरुवातीला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

पण आमच्या घरात ते खऱ्या अर्थानं बोलू लागलं ते म्हशीच्या पानावर. नात म्हणाली, "आजी, ही तर तबेल्यात असते." वसई-विरारच्या पूर्वेला अजूनही तबेले आहेत. काळ्या तुकतुकीत, शेपटीनं माशा वारणाऱ्या म्हशी तिनं अगदी जवळून पाहिल्यात, नाकपुडीची ओल हातावर घेतलीय. अशी म्हैस जगातून कमी होत चाललीय हे तिला पटेना. मग मी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा दाखवला. आपण इथे, समुद्राच्या काठाला, आणि तिकडे पार दुसऱ्या टोकाला गडचिरोली. तिथल्या कोलामार्काच्या जंगलात रानम्हशी राहतात, त्यांच्यासाठी ते जंगल 2013 पासून राखून ठेवलंय. तबेल्यातल्या म्हशीच्या त्या लांबच्या पूर्वजांच्या नात्यातल्या. मोठ्या शिंगांच्या, कुणाच्या दावणीला न बांधलेल्या. ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली आणि आपणहून म्हणाली, "धिस बफेलो हॅज अ तबेला. दॅट बफेलो हॅज अ जंगल." हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन म्हशींमधला फरक तिला सांगायचाच होता, आणि त्या निकडीनं इंग्रजी तिच्या तोंडून बाहेर पडलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. इंग्रजीसाठी प्राणी निवडायचे ते मुलाच्या अंगणापासून सुरुवात करून. पांडा येऊ दे, पेंग्विन येऊ दे, पण त्यांच्या पंक्तीला तुंगारेश्वरचा बिबट्या हवा, डहाणूच्या किनाऱ्याला लागणारं कासव हवं, तानसाच्या रानातला वनपिंगळा हवा आणि बाजारातलं पापलेटही हवं. आणि क्रम ठरलेला असावा. आधी ओळख, मग जिव्हाळा, आणि हा प्राणी कमी होत चाललाय ही बातमी त्याच्यानंतर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. बाहेर केवढा वाद चालला होता, पण वर्गातली मुलं खुशीत होती. पाड्यावरच्या त्या मुलांना 'ॲपल' म्हटलं तर ती माना डोलवायची आणि गप्प बसायची. 'क्रॅब' म्हटलं की अर्धा वर्ग उठून उभा. कुठल्या ओहोळात चिंबोऱ्या सापडतात, बिळात हात कसा घालायचा, नांगी कुठून धरायची, सगळं एका दमात. त्या गलक्यात 'बिग क्रॅब', 'स्मॉल क्रॅब', 'इन द होल' हे शब्द फळ्यावर लिहायचे तेवढे बाकी असायचे. ज्याच्याबद्दल मुलाकडे सांगण्यासारखं काही आहे, त्याच्याबद्दलच ते परक्या भाषेत बोलायला धजतं. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 च्या सुमारास हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं. पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेला उपयोगी पडते, दोन्हींच्या खाली पाया एकच असतो. मराठीत बिबट्या नीट कळलेल्या मुलाला 'लेपर्ड' शिकवायला फार वेळ लागत नाही. मराठीतही न कळलेल्या प्राण्याचा नुसता फ्लॅशकार्ड दाखवला, तर हाताशी एक नाव उरतं आणि पुढचा संवाद खुंटतो.

आमच्या भागात बहुतेक घरी इंग्रजीचं शिक्षण दुपारी होतं, आणि ते आजी-आजोबांच्या गळ्यात असतं. आई-बाप सकाळची विरार लोकल पकडून चर्चगेटच्या दिशेनं गेलेले असतात. त्यांना मुलाचं इंग्रजी चांगलं व्हायला हवंय, आणि त्यात काही वावगं नाही. माझ्या सुनेला स्वतःला मुलाखतीत अडखळायला झालं होतं, ते तिला विसरता येत नाही. पण म्हाताऱ्या माणसांना वाटतं की हे आपलं काम नव्हे, आपलं इंग्रजी कुठलं तसलं, आणि मग हातात मोबाइल दिला जातो. मोबाइलमधला प्राणी नाचतो, गातो, पण 'हा कुठे राहतो?' असं विचारलं तर उत्तर देत नाही. प्राणी इथले असले की आजीच जाणकार ठरते. इंग्रजी वाक्य तिला येत नसलं तरी वाक्यात घालायचा मजकूर तिच्याकडे असतो. वसईत तर हा मजकूर किती बोलींत साठलाय! सामवेदी समाजाची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची बोली, पूर्वेकडच्या पाड्यांवरची वारली. मासा, पाखरू, किडा यांची जितकी नावं या आजीआजोबांना ठाऊक आहेत तितकी कुठल्याही तयार संचात मिळायची नाहीत.

आता बिबट्याचं सांगते. 2024 च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला. चिमाजी अप्पांनी 1739 साली जिंकलेला तो किल्ला, आत झाडोरा माजलेला, पलीकडे खाडी आणि अलीकडे भरलेली वस्ती. वनविभागानं पिंजरे लावले, कॅमेरे लावले आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवसांनी तो पिंजऱ्यात आला. तेवढे दिवस सगळ्या शहरात दुसरा विषय नव्हता. नात तेव्हा चार वर्षांची. दारं लावून घ्या, मुलांना संध्याकाळी बाहेर सोडू नका, हे सगळं तिच्या कानावर पडत होतं. तिनं विचारलं, "तो वाईट आहे का?"

मला माझे वारली विद्यार्थी आठवले. पालघर आणि ठाण्याच्या जंगलपट्ट्यात वाघोबाची ठाणी आहेत. दगडाचा किंवा लाकडाचा उभा पाट, त्यावर कोरलेला वाघ, कडेला सूर्य-चंद्र, शेंदूर फासलेला. वाघ आमच्या भागातून केव्हाच गेला, पण वाघोबात बिबट्याही येतो. वाघबारशीला पाड्यावरची माणसं त्याच्यापुढे नैवेद्य ठेवतात. गुरं राख, आम्ही तुझी आठवण ठेवतो, असा तो व्यवहार. त्यांना बिबट्याची भीती नाही असं मुळीच नाही, भीती आहे. पण तो इथला आहे, आपल्याआधीपासूनचा आहे, हेही त्यांना मान्य आहे. मी नातीला तेच सांगितलं. तो वाईट नाही, तो इथे राहतो. तुंगारेश्वर हे 2003 पासून अभयारण्य आहे, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं, आपल्या पूर्वेच्या डोंगरांचं. लोकलमधून जे निळे डोंगर दिसतात ते त्याचं घर. रात्री तो चालतो, कुत्री-डुकरं खातो, माणसाला टाळतो. आपण त्याच्या वाटेत रात्री एकटं जायचं नाही.

यातून इंग्रजीची किती वाक्यं निघाली म्हणून सांगू! 'ही लिव्ह्ज इन द हिल्स', 'ही वॉक्स ॲट नाइट', 'ही इज शाय'. शेवटचं वाक्य तिनं कितीतरी दिवस प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं. पुढे ते पांडाचं पुस्तक घरी आलं, त्यातला काळा बिबट्या तिनं पाहिला, आणि हाही बिबट्याच, फक्त रंग काळा, हे मी सांगितल्यावर ती त्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "शाय."

लहान मुलांना या विषयातलं दुःख कधी सांगावं, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवतेय. डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं 1996 साली या विषयावर एक छोटं पण फार नेमकं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की वर्षावनं कशी तोडली जाताहेत, प्राणी कसे मरताहेत, हे कोवळ्या मुलांवर आदळलं तर त्यांना निसर्गाबद्दल प्रेमाऐवजी धास्ती वाटू लागते, आणि धास्ती वाटणारं मूल पाठ फिरवतं. मला हे पटतं. घरगुती अभ्यासासाठी छापलेल्या कागदांवर पहिल्याच ओळीत 'हा प्राणी लवकरच नाहीसा होणार' असं असतं, रंगवायला दिलेल्या चित्राखाली उरलेल्या संख्येचा आकडा असतो. पाच वर्षांच्या मुलानं त्या आकड्याचं काय करायचं? ज्याची ओळखच नाही त्याच्या जाण्याचं दुःख तरी कसं होणार?

पण लपवूनही ठेवायचं नाही. माझ्या वाड्याकडच्या लहानपणी ढोर मेलं की आभाळातून गिधाडं उतरायची, आणि आम्ही लांबून बघत राहायचो. पांढऱ्या पाठीची ती गिधाडं 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत देशातून 99.9 टक्क्यांनी घटली. कारण होतं डायक्लोफेनॅक, जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं औषध. ते पोटात असलेलं ढोर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. कारण सापडलं आणि 2006 मध्ये सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. नातीला हे सांगताना मी जटायूपासून सुरुवात केली, मग माझं लहानपण, मग औषध, मग बंदी. ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांनी औषध बदललं." अगदी तेवढंच. तिच्या वयाला हे पुरेसं आहे, आणि यात खोटं काही नाही.

याच्या जोडीला मी पांडाच्या पुस्तकातला गरुड ठेवते. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकानं त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची. 1972 साली डीडीटीवर बंदी आली, आणि 2007 मध्ये तो गरुड तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर काढला गेला. पांडाचा दर्जाही 2016 मध्ये एका पायरीनं सुधारला. आणि हिरवं समुद्री कासव! 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेनं आपल्या लाल यादीत त्याला धोक्यातल्या गटातून काढून निर्धास्त गटात घातलं. कितीतरी देशांत कितीतरी वर्षं किनाऱ्यांवर अंड्यांची राखण झाली त्याचं हे फळ. आपल्याकडे वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रच्या भाऊ काटदरे यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, तो याच जातीचा उद्योग. हिरव्या कासवाची ती बातमी मी सुनेला वाचून दाखवली आणि आम्ही दोघींनी पुस्तकातल्या कासवाच्या पानावर एक छोटा हिरवा ठिपका काढला. ठिपका कशाचा, ते नातीनं विचारलं. मी सांगितलं. तिनं लगेच सगळ्या पानांवर ठिपके काढायची तयारी चालवली, तेव्हा थांबवावं लागलं. लाल लांडग्याला अजून ठिपका देता येत नाही, हे तिनं नाखुशीनं ऐकलं. पण ऐकलं. डहाणूला वनविभाग आणि प्राणिमित्र मिळून जखमी कासवांवर उपचार करतात, पावसाळ्यात जाळ्यांत अडकून पाय तुटलेली कासवं किनाऱ्याला लागतात, हेही तिला ठाऊक आहे. यादीत सुधारणा झाली तरी आपल्या किनाऱ्यावरच्या कासवाचा पाय दुखतोच, या दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र राहू शकतात. मुलांना तेवढं जमतं. अडचण मोठ्यांना होते.

वनपिंगळ्याची गोष्ट मात्र आमच्या घरची सगळ्यात लाडकी. हे छोटंसं घुबड 1884 नंतर कुणाला दिसलंच नव्हतं. संपलं असंच सगळे धरून चालले होते. मग पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांचा छडा लावला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. पण तो नमुना मुळात दुसऱ्याच्या संग्रहातून चोरलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेली. त्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच जागी चालला होता. खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढत रासमुसेन आणि त्यांचे सोबती 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात पोचले, आणि तिथे भर दिवसा तो झाडावर बसलेला. 113 वर्षांनी! आणि 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यातही सापडला. तानसा म्हणजे परका मुलूख नव्हे, त्याचा काही भाग आमच्याच जिल्ह्यातल्या वाडा-मोखाड्याकडे येतो.

या गोष्टीचा आम्ही खेळ केलाय. कापडाचं घुबड घरात कुठेतरी लपवायचं. मी एक चिठ्ठी लिहायची: 'अंडर द बेड'. ती चिठ्ठी खोटी. दुसरी खरी: 'बिहाइंड द कर्टन', नाहीतर 'ऑन द फ्रिज'. कुठल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा ते तिनं ठरवायचं, विचारायचं, ताडून बघायचं. खाली, मागे, वर, आत, मध्ये. इंग्रजीतले हे चिकट शब्द तिला या खेळात कधी आले ते कळलंही नाही. आता ती मला खोट्या चिठ्ठ्या लिहिते. स्पेलिंग चुकतं, पण चिठ्ठी वाचता येते आणि फसवतेसुद्धा.

राहिलं पापलेट. जंगलातला प्राणी धोक्यात, हे मुलांना पटकन पटतं. ताटातला धोक्यात, हे मोठ्यांनाही पटत नाही. सातपाटी आमच्याच जिल्ह्यातलं, पापलेटासाठी नावाजलेलं बंदर. तिथल्या मच्छीमारांनीच मागणी लावून धरली, कारण पापलेट मिळेनासं होत चाललं होतं, आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्याच वर्षी सरकारनं 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटाला 135 मिलिमीटर. लहान पापलेटाला अंडी घालायची संधी मिळाली नाही तर पुढची पिढी येणार कुठून, इतकं ते सरळ आहे. वाघाला अभयारण्य देता येतं, पापलेटाचं सगळं भवितव्य जाळ्याच्या आसावर आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीवर.

एका रविवारी नातीनं कंपासपेटीतली पट्टी बाजारात नेली. ओळखीच्या कोळीणबाईंच्या पाटीवरची पापलेटं मोजायला बसली. पट्टीचा शून्य तोंडाशी, शेपटीपर्यंत नजर. "लाँग." "लाँग." मग एक छोटं, चंदेरी, तळहातात मावेल असं. तिनं पट्टी लावली, आकडा वाचला, पुन्हा लावली. "आजी, टू स्मॉल." कोळीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, हल्ली असंच येतं. पूर्वी असली कोण विकायचं?" त्यांच्या बोलण्यात तक्रार होती ती समुद्राबद्दल नव्हे, लांब पल्ल्याच्या मोठ्या बोटींबद्दल. मग त्यांनी स्वतःच ते छोटं बाजूला सारलं आणि लहानपणी वडील आणायचे ते पापलेट केवढं असायचं ते हातांनी दाखवलं. नातीनं त्या दोन हातांमध्ये पट्टी धरली. पट्टी पुरेना.

वसईत ही जागरूकता नवी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला त्यात इथल्या वाड्या, विहिरी, पाणथळी वाचवण्याची हाक होती. आणि हेच दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भाषा आणि भूमी या दोन्हींची काळजी एकाच माणसानं वाहिलेली आम्ही पाहिलीय. म्हणून घरच्या इंग्रजीला मी या मातीपासून तोडायला तयार नाही. इंग्रजी येऊ दे, भरपूर येऊ दे. उद्या या मुलीला जगापुढे तुंगारेश्वरबद्दल बोलायचं असेल तर त्याच भाषेत बोलावं लागेल.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ 2015 पासून आहे. कुणीही तिथे मुलांची गोष्ट लिहावी, भाषांतर करावं, छापून घ्यावी. आमच्या इमारतीतल्या आम्ही काही बायका दुपारी जमून पालघरच्या प्राण्यांचं एक द्विभाषिक पुस्तक करायला लागलोय. एका पानावर मराठी, समोर साधं इंग्रजी. इंग्रजी वाक्यं सुना रात्री तपासतात. बिबट्याचं पान झालंय, कासवाचं झालंय, वनपिंगळ्याचं चित्र पुन्हा काढायचंय कारण डोळे फार मोठे झालेत. पापलेटाचं पान अजून कोरं आहे. त्यासाठी त्या कोळीणबाईंना पुढच्या बुधवारी घरी बोलावलंय, आणि नात म्हणते की त्यांचं बोलणं आधी ऐकायचं, इंग्रजी मी नंतर सांगेन.